दहा कास्टिंग आणि एक ड्रिल जिग

ड्रिल जिग म्हणजे जॉब, म्हणजे मशिनवर चढणारा नग, पक्का धरून ड्रिलला ठरल्या जागी नेणारं साधन. त्याचं ड्रॉइंग काढायला बसण्याआधी फौंड्रीतून दहा कास्टिंग मागवा. एक नको, दहा. मॅचप्लेटवर (साचा उठवायच्या पॅटर्नच्या प्लेटवर) दोन कॅव्हिटी असतील तर दोन्हींतली दहा-दहा, आणि जमलं तर दोन वेगळ्या दिवशी ओतलेली. ती टेबलावर ओळीनं मांडा, व्हर्निअर घ्या आणि मोजत सुटा. हा अर्धा दिवस वाचवला की पुढे जिगच्या प्लेटी दोनदा करायची वेळ येते.

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही शेडमध्ये नवा मेकॅनिकल इंजिनियर लागला की त्याच्या हातात पहिलं डिझाइनचं काम बहुधा हेच येतं. बिडाचं ब्रॅकेट आहे, चार भोकं मारायची आहेत, जिग कर. ऐकायला किरकोळ वाटतं. 'व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशिनिंग सेंटर) असताना जिग कशाला' असंही वाटतं. पण व्हीएमसीचा तास बोअरिंगसाठी राखलेला असतो आणि साधी भोकं शेजारच्या रेडियल नाहीतर पिलर ड्रिलवरच पडतात. शिवाय जॉब कुठे टेकवायचा आणि कशानं धरायचा हा विचार व्हीएमसीच्या फिक्श्चरलाही तोच लागतो, फक्त बुश (ड्रिलला सरळ धरणाऱ्या कडक नळ्या) गळतात.

एक जॉब समोर धरू. एफजी २६० प्रतीच्या बिडाचं बेअरिंग ब्रॅकेट, मापं सगळी मिमीत. फ्लँज १६० व्यासाचा, १५ जाड. त्याच्या तोंडावर ८० एच ७ चा, १० मिमी खोल रजिस्टर (केंद्र जुळवणारा गोल खळगा; एच ७ ही मापाची मर्यादा), आत ४० चा बेअरिंग बोअर. हे सगळं लेथवर झालेलं. मागे ९० व्यासाचा हब, कच्चा. फ्लँजच्या कडेला एक कान, ३० रुंद, टोक गोल, केंद्रापासून ९५ वर, तोही कच्चा. मारायची आहेत १३० पीसीडीवर (भोकांची केंद्रं १३० व्यासाच्या वर्तुळावर) ११ ची चार भोकं, एम १० बोल्टसाठी. कानाच्या संदर्भात ती अर्ध्या अंशाच्या आत फिरलेली चालतात. महिन्याला ५०० नग.

आता ती दहा कास्टिंग. कानाची रुंदी मोजा, हबचा व्यास मोजा, फ्लँजची जाडी मोजा. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळतात त्या रेघेवर, वरची आणि खालची पेटी किती सरकली आहे ते बोटानं चाचपा, मग मोजा. ड्रॉइंगवर कान ३० आहे, हातात २९ पासून ३१ पर्यंत सगळे सापडतील. पार्टिंगवरची फिन (बाहेर आलेली पातळ कड) फेटलिंगवाल्यानं, म्हणजे कास्टिंग साफ करणाऱ्यानं, हातग्राइंडरनं उडवलेली असते. कुठे जास्त गेलेली, कुठे राहिलेली. म्हणून पार्टिंग लाइनवर लोकेटर टेकवायचा नाही, एवढं आत्ताच वहीत लिहून ठेवा.

नमुना समोर ठेवून वस्तू घडवायची कोल्हापूरला जुनी सवय आहे. बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला. पण तो एक कॅमेरा होता. एकच नग असला की भाग एकमेकांत घासून, घोटून बसवता येतात. पाचशे नगांना ती सोय नाही. एका कास्टिंगवरून काढलेलं जिग त्या एका कास्टिंगला सुंदर बसतं. दुसऱ्या हीटचा (ओतणीचा) माल आला की ऑपरेटर ड्रॉइंग ऑफिसच्या दारात उभा, "सायेब, जॉब बसंना झालाय."

पुढचा प्रश्न जॉबचं तोंड वर की खाली. पहिल्या डिझाइनमध्ये हमखास होते ती चूक अशी: बुश बसवलेल्या प्लेटला रजिस्टरात बसणारा गोल प्लग लावायचा, मशिन केलेलं तोंड बुश प्लेटला चिकटवायचं, खालून नट आवळायचा आणि वरून ड्रिल मारायचं. कागदावर नीटनेटकं दिसतं, कारण डेटम (मापं जिथून धरायची ते तोंड) आणि बुश एकाच प्लेटवर आले. पण ड्रिलचा दाब जॉबला प्लेटपासून खाली ढकलतो आणि तो सगळा क्लॅम्पवर येतो. नट जरा सैल राहिला की जॉब सुटतो, तोंडाशी फट पडते, भोक तिरकं. ड्रिलचा दाब नेहमी टेकूवर यायला हवा, क्लॅम्पवर नव्हे. म्हणून मशिन केलेलं तोंड खाली बेसवर, ड्रिल मागच्या कच्च्या बाजूनं आत. बुश प्लेट वर, मधे ९८ चं मोठं भोक, त्यातून हब वर येतो. ९० चा हब कच्चा असतो, त्यात पेटीची सरक धरली तरी तो ९२ च्या पुढे जात नाही हे त्या दहा नगांवरच कळलेलं असतं.

बेसवर टेकायला अख्खी सपाट प्लेट देऊ नका. आत ११० आणि बाहेर १५० व्यासाची, ६ मिमी उंच कडी ठेवा आणि चारही भोकांच्या जागी २४ रुंदीच्या आरपार खाचा बाहेरपर्यंत काढा. ड्रिल खाली निसटतं तिथे मोकळी जागा मिळते, बिडाचा कीस खाचेतून ब्रशनं बाहेर जातो आणि टेकू भोकाच्या दोन्ही अंगांना राहतो. खाचांऐवजी भोकांच्या अधेमधे चार गोल पॅड दिले तर भोक पॅडांच्या चौकोनाबाहेर पडतं आणि ड्रिल दाबलं की जॉब तिथे वाकून बघतो. कडी ग्राइंड केल्यावर सपाटपणा ०.०२ च्या आत हवा.

मधे ८० जी ६ चा प्लग. एच ७ म्हणजे +०.०३० ते ०, जी ६ म्हणजे −०.०१० ते −०.०२९. जास्तीत जास्त सैलपणा ०.०५९. उंची ७ पुरे. रजिस्टर १० खोल आहे म्हणून प्लगही १० करायचा मोह टाळा. जॉब सरळ ठेवायचं काम कडी करते. प्लग फक्त केंद्र धरतो. लांब प्लग आणि सपाट कडी एकाच कामासाठी भांडायला लागले की जॉब अर्ध्यावर अडकतो आणि मग हातोडी निघते. प्लगच्या तोंडाला ३ मिमीचा निमुळता उतार द्या आणि बुडाशी २ रुंद खोबण मारा, म्हणजे कोपऱ्यात बसलेला कीस जॉबला उचलणार नाही. माल ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील), हार्ड ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप), मग ग्राइंडिंग. बेस एमएसचा (साध्या माइल्ड स्टीलचा) चालतो, २५ जाड.

फिरणं रोखायला कान आहे. कानाच्या एका बाजूला पिन ठोकली की काम झालं असं वाटतं. रुंदी ३० च्या जागी ३१ झाली तर एक बाजू अर्धा मिमी सरकते, ९५ च्या अंतरावर ते ०.३ अंश होतात. त्यात बाजूंना दीड अंशाचा ड्राफ्ट (साच्यातून पॅटर्न निघावा म्हणून दिलेला उतार) आहे, १० मिमी उंचीत पाव मिमीचा फरक. पेटीची सरक वेगळीच. अर्धा अंश बघता बघता संपतो. त्यापेक्षा सरकता व्ही (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) घ्या. कानाचं टोक गोलच आहे. व्ही केंद्राकडे सरकला की रुंदी कितीही असो, कानाची मधली रेघ धरली जाते. रुंदीतली चूक दोन्हीकडे सारखी वाटली जाऊन नाहीशी होते.

व्हीची उभी जाडी ६ मिमीच ठेवा आणि ती पार्टिंगच्या वरच्या अर्ध्यात येईल अशी बसवा, जिथे कान वर निमुळता होत जातो. तिथे दाबलं तर जॉब खाली कडीवर दबतो. उलट्या उताराच्या अर्ध्यात व्ही टेकला तर जॉब वर उचलला जातो, आणि तोंडाखाली ०.२ ची फट का येते याचा शोध लागायला आठवडा जातो. स्क्रूला मोठी मूठ नको. लहान नर्लिंगची गुंडी द्या, दोन बोटांनी फिरेल एवढीच. पाना लावायची सोय ठेवली की पाना लागतोच.

क्लॅम्प सोपा. प्लगमधून एम १६ स्टड, हबच्या डोक्यावर ७० व्यासाचा, १२ जाड सी वॉशर (एका बाजूनं उघडा). नटाचे कोपरे २८ च्या आत, बोअर ४० चा, म्हणजे नट काढायची गरजच नाही. एक फेरा सैल, वॉशर बाजूला, जॉब वर. वॉशर साखळीनं बेसला बांधा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तो स्क्रॅपच्या पाटीत जातो.

आता बुश प्लेट, म्हणजे सगळ्या हिशेबाची जागा. बिजागरीची करू नका. बिजागरीचा ढिलेपणा थेट भोकात उतरतो आणि रोज वाढतो. बेसवर चार खांब उभे करा, डोकी एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड केलेली. त्यातल्या समोरासमोरच्या दोघांच्या डोक्यावरच पिन: एक १६ जी ६ ची गोल, दुसरी १४ ची, दोन बाजूंनी घासून डायमंड केलेली. व्यास वेगळे ठेवले की प्लेट उलटी फिरवून बसत नाही. डायमंड केल्यानं दोन पिनांमधलं अंतर मायक्रॉनात गाठायची कटकट राहत नाही. प्लेट उडू नये म्हणून हातानं फिरणारे दोन लॅच.

बुश तयार मिळतात. ११ च्या ड्रिलला बाहेरून १८, लांबी १२, २० किंवा २५. इथे २० घ्यायचा, प्लेटही २० जाड, बुशचं बूड प्लेटच्या बुडाशी सपाट. बुशच्या बुडापासून कडीपर्यंत अंतर २१. जॉब १५, म्हणजे वर ६ ची फट. फ्लँजची जाडी कमीजास्त झाली तर फट ५ ते ७ होते. बिडाला ड्रिलच्या व्यासाच्या निम्मी फट बरोबर असते. कीस भुग्यासारखा पडतो, फटीतून निघून जातो. स्टीलला लांब चिप येते, तिथे एक ते दीड व्यास लागतो.

आता हिशेब. भोक ११, बोल्ट १०. ब्रॅकेट ज्याला लागतं त्या समोरच्या भागात एम १० चे आटे (टॅप) आहेत, म्हणजे १ मिमीची मोकळीक दोन भागांत वाटायची. या जॉबच्या वाट्याला पोझिशन (भोकाच्या केंद्राला हलायची जागा) व्यासात ०.५, त्रिज्येत ०.२५. यात सगळं बसायला हवं.

प्लगचा सैलपणा त्रिज्येत ०.०३०. बेसवर प्लग आणि पिनांची जागा एकाच सेटिंगमध्ये बोअर केली, आडवं-उभं ±०.०१ धरलं तर तिरकस ०.०१४. पिन १६ वर एच ७ जी ६, सैलपणा ०.०३५, त्रिज्येत ०.०१८. बुशच्या जागा ±०.०२, तिरकस ०.०२८. एवढ्यानं ०.०९० झाले. उरलं ड्रिलचं कलणं, आणि नव्या माणसाच्या हिशेबात नेमकं हेच नसतं. बुशचं भोक एफ ७, म्हणजे ११.०१६ ते ११.०३४. ड्रिल ११ ते १०.९७३. जास्तीत जास्त फट ०.०६१. ड्रिल २० लांबीच्या बुशात एवढं कललं तर बुडाशी ०.०३, आणि तिथून २१ खाली, जिथे समोरच्या भागाला टेकणारं तोंड आहे, ०.०९५. एकूण ०.१८५. पास.

हाच हिशेब १२ लांबीच्या बुशवर करून बघा. कलण्याचे ०.०९५ चे ०.१३७ होतात आणि हातात उरलेलं बहुतेक सगळं जातं. प्लेट हलकी करायच्या नादात बुश आखूड करायचा नाही तो यासाठी. हलकी दुसऱ्या रीतीनं करा. २०० चौरस प्लेट, मधलं भोक वजा करून, पाच किलोच्या वर भरते. १८० गोल कापून चार कान ठेवले तर साधारण साडेतीन. शिफ्टला शंभर नग म्हणजे प्लेट शंभरदा उचलायची आणि शंभरदा ठेवायची. दीड किलोचा फरक दुपारी तीननंतर ऑपरेटरच्या खांद्याला कळतो, आणि मग प्लेट ठेवली जात नाही, टाकली जाते. पिनांची टोकं त्यानंच झिजतात.

उद्यमनगरात प्लेट घेऊन गॅस कटिंग करून आणलीत तर प्रत्येक कडेला ४ ते ५ मिमी जास्त ठेवा. जळलेली कड कडक असते, कटर खाते. खांब वेल्ड करू नका, खालून ॲलन बोल्ट आणि बेसमध्ये बसवलेला स्पिगॉट (खांबाचा गोल गळा) द्या. वेल्ड केलंच तर स्ट्रेस रिलीव्ह करून (तापवून आतला ताण काढून) मगच फिनिश मशिनिंग, नाहीतर महिन्याभरात प्लेट हळूच वळते आणि दोष बुशवर जातो. बुश १८ एन ६, प्लेटमधलं भोक एच ७. बुश हातोडीनं ठोकू नका, प्रेसनं किंवा व्हाइसमध्ये दाबून बसवा. बसल्यावर आतला व्यास काही मायक्रॉन आवळतो, म्हणून ११.०१ ची पिन घालून बघा. अडली तर लॅपिंग (पेस्टनं घासणं), रीमर नव्हे. साठ एचआरसीच्या बुशवर रीमरचीच धार जाते.

ड्रिलिंग कोरडं. बिडाला कूलंट दिलं की कीस आणि पाण्याचा चिखल होतो, खाचा बुजतात. एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला वेग मिनिटाला २० ते २५ मीटर. ११ व्यासाला २२ धरला तर ६३७ आरपीएम, मशिनवर ६०० लावा. फीड ०.२ म्हणजे मिनिटाला १२०. जाडी, ड्रिलचं टोक आणि वरची थोडी मोकळी चाल मिळून २० मिमी, एका भोकाला दहा सेकंद. चार भोकांना चाळीस. जॉब चढवणं-उतरवणं याहून जास्त खातं. आरपीएम वाढवून वेळ वाचवू पाहणाऱ्यानं आधी नट किती फेरे फिरतो ते बघावं.

शेवटचे दोन मिमी फीड कमी करायला सांगा. बीड ठिसूळ. ड्रिल जोरानं बाहेर पडलं की भोकाची कड ढपली होऊन तुटते, आणि आपल्या जॉबमध्ये ती नेमकी मशिन केलेल्या तोंडावर येते. ड्रिलच्या दोन ओठांची लांबी सारखी नसेल तर भोक मोठं होतं आणि बुशची एक बाजू खाल्ली जाते. हातानं धार लावलेलं ड्रिल आधी गेजवर दाखवायचं, मग जिगवर.

पहिल्या दहा नगांना तोंडावर निळा रंग लावून कडीवर बसवा आणि उचलून बघा, खाचा सोडून सगळीकडे ठसा आला पाहिजे. एकाच बाजूला आला तर आधी व्ही सैल करा. बहुतेक वेळा दोषी तोच असतो. भोकं तपासायला दरवेळी सीएमएमच्या (मोजमाप मशिनच्या) रांगेत उभं राहायला नको. एक प्लेट करा, मधे ८० चा प्लग (७९.९९ ला ग्राइंड केलेला), १३० पीसीडीवर १०.५ चे चार पिन. ११ मधून पोझिशनचे ०.५ गेले की १०.५. गेज पूर्ण बसलं की जॉब पास. हा गेज ड्रिलशेजारी ठेवा, स्टोअरमध्ये नव्हे.

पावसाळ्यात इथे रात्रीतून कडीवर गंज धरतो. शिफ्ट सुटताना तेलाचं फडकं आणि सकाळी कोरडं फडकं. तेल पुसलं नाही तर कीस चिकटून कडीवर थर बसतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

बुश कधी बदलायचा तेही त्याच हिशेबातून निघतं. ०.२५ मधून कायमचे ०.०९ गेले, उरले ०.१६. फटीचा परिणाम टोकाशी दीडपटीहून थोडा जास्त होतो, म्हणजे ड्रिल आणि बुशमधली फट ०.१० च्या पुढे गेलेली चालत नाही. सर्वांत बारीक ड्रिल १०.९७३ चं धरलं तर बुशची मर्यादा ११.०७. ११.०७ ची हार्ड पिन टर्न आणि ग्राइंड करून घ्या, डोक्याला लाल रंग द्या आणि जिगलाच तारेनं बांधा. दर सोमवारी चारही बुशांत घालून बघायची. ज्या बुशात शिरली तो त्याच दिवशी बाहेर. दाबून बसवलेला बुश काढायचा तर प्लेटच्या बुडाकडून वर दाबावा लागतो, म्हणून प्रेसवर प्लेट टेकेल अशी २० च्या भोकाची एक चकती जिगबरोबरच करून ठेवा.